पुढच्या तासाला दादा

प्रिय जितेशदादा,

माझं कॉलेज ठीक चाललंय. शारीरिक शिक्षण आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र, असा विषय आहे. आई सगळ्यांना सांगते, विशू पीटी टीचर होणार.

परवा प्रत्येकाने घरच्या कुणाचा तरी धावतानाचा व्हिडिओ आणायचा होता. मी तुझा नेला, मस्कतमधल्या हमरियाच्या मैदानावर बोलिंगला धावत येतानाचा. मैमूना मॅडमनी तो पडद्यावर अगदी हळू चालवून तुझा गुडघा, घोटा, खांदा कसा वळतो ते समजावलं. मागून एकजण ओरडला, "मॅडम, याला नॅशनल टीममध्ये घ्या!" सगळे हसले. मीही हसले.

मग मॅडम म्हणाल्या, "पुढच्या तासाला भावालाच घेऊन ये. यल्ला, चला, प्रत्यक्षच बघू."

इब्राच्या रस्त्यावरचा तुझा अपघात त्यांना माहीत नाही. मी "इन्शाल्ला" म्हणाले आणि खाली बसले.

उद्या तो तास आहे. खरं सांगावंच लागेल. पण दादा, घरी तुझ्या फोटोला हार घातलाय, ऑफिसात तुझ्या जागी दुसरा आलाय. अख्ख्या मस्कतमध्ये त्या एका वर्गातच तू अजून जिवंत आहेस. उद्या तिथूनही तुला मलाच घालवावं लागणार.

तुझी,
विशाखा