शून्य नंबरची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार
आले बाई एकदाची नाशिकला! द्वारका चौकाजवळ खोली, चालत दहा मिनिटांवर लॅब. घरमालकीण वत्सलाबाईंनी माझा सातवा महिना बघून आल्या आल्या डिंकाचा लाडू हातावर ठेवला. नवरोबा दीपक पुण्याहून शनिवार-रविवार येईल.

काम मजेचं आहे. गरोदर बायकांच्या लघवीत लाल रंग मिसळायचा आणि थेंब कागदावर टाकायचा. थेंबाची टिकली जागेवर बसली तर बाई ठीक. लाली पसरली तर बीपी उफाळणार, आई आणि बाळ दोघंही धोक्यात, लगेच दवाखाना. कागद नीट आहे का ते बघायला रोज एका निरोगी गरोदर बाईचा नमुना लागतो. लॅबप्रमुख मंजुषा मॅडमना म्हटलं, शोधताय कशाला, मी आहे ना धडधाकट! माझ्या बाटलीवर नाव नाही, नुसता शून्य.

६ फेब्रुवारी, गुरुवार
टिकली काय सुरेख बसते! माझ्या कामात खोट काढून दाखवावी कोणी. वत्सलाबाई म्हणाल्या, तोंडावर लय तेज आलंय, मुलगीच हाय. गाल भरलेत खरे. चपला मात्र घट्ट व्हायला लागल्यात. दीपक फोनवर विचारत होता, बीपी दाखवलंस का. त्याला सांगितलं, रोज सकाळी माझी तपासणी होतेच की, वेगळं कशाला?

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज शून्य नंबर पसरला. घामाने कुंकू ओघळावं तसा. डोकंच फिरलं माझं. नियमाप्रमाणे दिवसभराच्या सगळ्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या असत्या, आणि मॅडम नेमक्या परगावी. कागद दमट असणार. रजिस्टरात 'ठीक' लिहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
कागदांचं नवं पाकीट फोडलं. पुन्हा पसरला. बाटल्यांची अदलाबदल, दुसरं काय! शेजारी सतरा नंबर होती, मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची सून तेजल. शिपाई केरूने ट्रे उचलताना घोळ घातला असणार. त्याला चांगलाच झापला. तो आईची शपथ घेत राहिला. तेजलच्या सासूला फोन करून सांगितलं, सुनेला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तेजलचं बीपी एकशे दहा-सत्तर. दुसरा नमुना घेतला, टिकली जागच्या जागी. सासू आधी रडली, मग मला वाट्टेल ते बोलली. मग ती लाली कोणाची? कुणीतरी मुद्दाम बाटली बदलतंय. कालपासून डोकं ठणकतंय. दीपकला कळवलं, या वेळी येऊ नकोस, काम आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार
लॅबला सुट्टी. आतून कुलूप लावलंय. आता बदला म्हणावं बाटली.

माझ्या हाताने भरली. माझ्या हाताने थेंब टाकले. तीन. तिन्ही पसरले.

कोणी बदलत नव्हतं. माझीच होती. मंगळवारपासून माझीच—

बीपीचं मशीन लावलं. एकशे ऐंशी— देवा— 'ठीक' लिहिलं मी, बाळा, माझ्या हाताने—

डोळ्यांपुढे चमचम. बरगडीखाली कळ. किल्ली इथेच ठेवली— फोन वाजतोय, दीपकच— कुठे वाजतोय—

बाटलीवर नाव घालते. दार तोडून येतील त्यांना कळू दे, शून्य नाही, ही— वेदि