अकरावा नमुना आणि उजवा कौल

पाळी, ९ फेब्रुवारी २०११

तीर्थस्वरूप दत्ताराममामांस,

हातावरची खाणीची लाल धूळ झटकून सगुणचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मोरजीला यंदा कासवं आली, की किनाऱ्यावरचे दिवे बघून परत गेली? मामीने पाठवलेली सोलं पोचली. (फोन केला असता, पण फोनवर तुम्ही फक्त ओरडता, ऐकत नाही.)

सोमवारचा प्रयोग फसला, आणि देवकीसमोर फसला. देवकी म्हणजे इथल्या कचेरीत टपाल बघणारी, जिच्यासाठी तुम्ही गावच्या देवळात कौल लावलात ती. उजवी पाकळी पडली, लग्नाला देवाची हरकत नाही, हे तुम्ही लगेच कळवलंत. मुलीला मात्र यातलं काही ठाऊक नाही, कारण मी तिला अजून विचारलेलं नाही. प्रयोग नीट पार पडला की विचारायचं असा बेत होता.

खाणीतला मालाचा पट्टा चालवणारा जुना संगणक दिवाळीत कायमचा बंद पडला. तसला आता बाजारात मिळत नाही. म्हणून मी असं सॉफ्टवेअर लिहिलं की नवा संगणक जुन्याचं सोंग घेतो आणि जुन्या प्रोग्रामला संशयही येत नाही. त्यात प्रोसेसरचे अकरा नमुने आहेत. पहिले दहा सगळं सोंग स्वतः घेतात, त्यामुळे रेंगाळतात. अकरावा म्हणतो, खाली जो खरा प्रोसेसर असेल तसाच मी, कामही त्यालाच करू दे. पट्ट्याला हाच हवा होता.

आता माझी चूक. माझं सॉफ्टवेअर सुरू होताच मी अकराही नमुने तयार करून ठेवत होतो, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. हा आपल्या घरचाच गुण. आई (तुमचीच बहीण) पाहुणे फाटकात दिसण्याआधी पानं वाढून मोकळी होते, आणि मग कळतं की त्यांचा सोमवार आहे, मासळी चालत नाही, आणि पानात सुंगटांचं हुमण आहे. अकराव्या नमुन्याने खाली वाकून पाहिलं तेव्हा खऱ्या प्रोसेसरशी बोलणारा भाग अजून जागाच झाला नव्हता. त्याने प्रत्येक गुणापुढे ‘येत नाही’ असं लिहून टाकलं. घटकाभराने तो भाग उठला, पण पुन्हा विचारतो कोण?

फोरमन कृष्णनाथ (देवकीचे वडील) पट्ट्यापाशी नारळ घेऊन उभे होते. त्यांनी तो फोडला, मी बटण दाबलं. पडदा काळा. ते म्हणाले, “हांगा कांयच दिसना मरे,” आणि शांतपणे खोबरं खाऊ लागले. मला फार लाज वाटली. देवकीने चहा आणला तेव्हा मी तिला आईच्या पानांची गोष्ट सांगून चूक समजावली. ती म्हणाली, “पयलीं विचार, मागीर वाढ.”

तसंच केलं. आता सुरुवातीला नमुन्यांची फक्त नावं मांडतो. नमुना तयार होतो तो कोणी मागितल्यावर, खालचा भाग जागा झाल्यावर. चौदा ओळी वरून खाली हलवल्या, एवढंच. मंगळवारी पट्टा चालला. कृष्णनाथांनी दुसरा नारळ मात्र कपाटात ठेवला आहे. घाईने एक फुकट गेला, म्हणाले.

मामीस नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
सगुण

ता. क. पत्राचं खरं कारण: आई म्हणते, तुम्ही मे महिन्यातला हॉल ठरवलात आणि आचाऱ्यालाही सांगून ठेवलंत. दोन्ही ताबडतोब रद्द करावं. देवाला विचारून झालं, हॉलवाल्याला झालं, आचाऱ्याला झालं. देवकीला मी विचारीनच, पण योग्य वेळ बघून. (बहुतेक दिवाळीनंतर.)

ता. क. दुसरा, अक्षर वेगळं आहे: मामा, नमस्कार. मी देवकी. कचेरीतलं टपाल मीच पाकिटात घालते, आणि यांनी हा कागद टपालाच्या ट्रेमध्ये उघडाच ठेवला होता. हॉल राहू दे, रद्द करू नका. तुम्ही रविवारी यांना घेऊन आमच्याकडे जेवायला या, आणि जे विचारायचं राहिलंय ते यांना तिथे स्वतःच्या तोंडाने विचारू दे. सोमवारी नको, सोमवारी आमच्याकडे नुस्तें शिजत नाही. कपाटातला नारळ बाबा घरी आणणार आहेत, पण तो मी हो म्हटल्यावरच फुटेल.