चौकातला मोनिकाचा फ्लेक्स

तिसगाव, ता. पाथर्डी
२४ जानेवारी २०२५

चि. मोनिका हिस आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, तुझी खुशाली कळव. फोनवर तू नुसती हो हो करतेस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या सिनेमाची माणसं शूटिंग आटोपून गेली आणि गाव सुनं झालं. कांद्याच्या वावरात तुम्ही नुसतीच दाराची चौकट उभी केली होती ना, ती उचलून नेली तरी शेजारची रोहिणी अजून तिथून वाकून जाते. मी हसले, तर म्हणाली की डोकं आपटण्यापेक्षा वाकलेलं बरं.

पण चौकातला फ्लेक्स काढायला तुमची माणसं विसरली. काल बाजार होता. मेथी घेऊन वळले, तर समोर खांबावर तू. फोटोला हार, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली कै. मोनिका मच्छिंद्र लवांडे. तू मुंबईत आहेस हे मला ठाऊक होतं, सकाळीच आपण बोललो होतो. तरी मी तिथंच रस्त्यात बसले. सहा वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांचा फ्लेक्स त्याच खांबावर होता.

तुझा फ्लेक्स लावायच्या दिवशी मला डोळे तपासायला पाथर्डीला का धाडलंस, ते आता कळलं. आपल्या ग्रामपंचायतीचा रविराज फ्लेक्स उतरवायला आला, तोही रुसलेला. म्हणे काकू, शोकाकुलमध्ये सगळ्यांचे फोटो हायेत, माझाच न्हाई, मी काय मेलोय का. 

मला या फ्लेक्सचा अर्थ सांग. फोनवर नको, लिहून सांग.

तुझी आई
चांगुणा

*

कोपरगाव
२७ जानेवारी २०२५

चि. मोनिकास कल्याणमामाचा आशीर्वाद.

तू जिवंत आहेस हे समजून आनंद झाला.

बाजाराच्या दिवशी कारखान्यात माझ्या मोबाईलवर तुझा फोटो आला, हारासकट. तुझा फोन लागेना, अक्काचा लागेना. गळीत हंगाम जोरात असताना साहेबांच्या पाया पडून रजा घेतली. रीतीप्रमाणे दुखवटा म्हणून अक्काला साडी घेतली आणि दोन एसटी बदलून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसगावला पोचलो. दार अक्कानंच उघडलं. माझ्या हातातली पिशवी बघून विचारलं की कोण गेलं रे. मी काय सांगू? तिनं चहा केला, मला पोटभर हसली, मग आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. तेव्हा मात्र मला तुझा राग आला.

तुझे सिनेमे मी बघतो. पहिल्यात विहिरीत उतरलेली बाई ग्रामपंचायतीच्या टीव्हीतून बाहेर आली, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसऱ्यात सिनेमा लिहिणारी मुलगी सारखी चुलीपाशी येऊन पुढं काय होतं ते आईलाच विचारते आणि आई तिला गूळ आणायला पिटाळते. तो कळला, कारण तू लहानपणी तशीच होतीस. त्याला बक्षीस मिळालं ते कात्रण मी कारखान्यात सगळ्यांना दाखवलं. अभिमान आहेच, बाई. पण आईच्या डोळ्यांदेखत स्वतःला मारू नये. तेवढं सिनेमातून काढून टाक.

साडी अक्काकडेच ठेवली आहे. परत नेणं बरं दिसेना.

तुझा मामा
कल्याण

*

मुंबई
३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

चुकले. तुला पाथर्डीला पाठवलं ते भित्रेपणानं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

सिनेमा असा आहे. मोनिका नावाची दिग्दर्शक शूटिंग चालू असताना मरते. काम थांबेल म्हणून तिला कुणी तसं सांगतच नाही. ती हुकूम सोडत राहते, चहा मागत राहते. एक दिवस चौकात स्वतःचा फ्लेक्स बघते तेव्हा तिला कळतं. मग आपलं मरण कुणी लिहिलं हे शोधायला ती आपल्याच पटकथेच्या पानांत शिरते. तिथं तिला तिची आई भेटते.

फ्लेक्स काढला तर सिनेमाच उरत नाही. आमचे निर्माते श्रीमंतराव तेच म्हणतात. आठ वर्षांच्या धडपडीनंतर मिळालेलं हे माझं पहिलं मोठं काम आहे. तरीही तू नको म्हणालीस तर मी तो प्रसंग काढीन, सिनेमा पडून राहिला तरी चालेल. एडिटिंग थांबवलं आहे. सोबत पटकथा पाठवते. माझ्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकलेली बाई ती वाचेल आणि ठरवेल, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं आहे.

तुझी
मोनिका

*

तिसगाव
१४ फेब्रुवारी २०२५

चि. मोनिका हिस आशीर्वाद.

पटकथा दोनदा वाचली. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं नाही तिथं थांबले नाही, पुढं गेले, मग बरंच कळलं. मेलेली मोनिका कामगारांना ओरडते आणि ते माना डोलावतात, तिथं मी एकटीच हसले. आपल्याकडे जिवंत माणसाचंही असंच चालतं. हे सगळं माझ्या पोरीच्या डोक्यातून आलं, याचं मला फार कौतुक वाटलं. शेवटच्या पानावर तुझं नाव आहे, त्यावरून हात फिरवला.

फ्लेक्स राहू दे. तुझं मरण खोटं आहे, ते मी सोसेन.

पण पान एक्केचाळीस खोटं आहे, ते मला चालणार नाही. तिथं आई नवऱ्याच्या अंगावर पडून ओरडून रडते. ती बाई मी नाही.

तुझे वडील सकाळी वाडीवरून दूध गोळा करून येताना टेम्पोतच गेले. गाडी बाजूला घेऊन, ब्रेक लावून गेले. लोकांनी त्यांना अंगणात आणून ठेवलं. टेम्पो दारात, पाठीमागे भरलेले कॅन, मे महिन्याचं ऊन. मी तुझ्या ज्ञानेश्वरकाकांना सांगितलं की आधी दूध डेअरीवर घाला. ते नको म्हणाले, तर मी किल्ली त्यांच्या हातात कोंबली. चाळीस घरांचं दूध होतं ते. तुझ्या वडिलांनी पंधरा वर्षांत कुणाचं नासू दिलं नव्हतं. त्या दिवशी नासलं असतं तर लोकांनी तोंडावर काही म्हटलं नसतं, पण त्यांच्या नावावर ते राहिलं असतं. टेम्पो गेला, मग मी त्यांच्यापाशी बसले. तेव्हाही रडू आलं नाही.

बायका काय बोलल्या ते मी ऐकलं. नवरा अंगणात आणि हिला दुधाची पडलीय, काळीज हाय का दगड. तू पुण्याहून आलीस तेव्हा तुझ्याही कानावर ते गेलं असणार. तू मला काही विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

तू तुझ्या सिनेमात मला रडवून चांगली बाई केलीस. तशी मला करू नकोस. मी होते तशी ठेव, नाहीतर माझं नाव काढ.

तुझी आई
चांगुणा

*

मुंबई
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

माझ्या कानावर ते तेव्हाच आलं होतं. दहाव्यापर्यंत मी घरात होते आणि तुझ्याकडे नीट बघितलं नाही. तेव्हापासून मी जे काही लिहिते त्यात विहीर, टीव्ही, चौकट असलं काहीतरी मध्ये येतं. लोक त्याला माझी शैली म्हणतात. खरं म्हणजे मला तुला एक गोष्ट विचारायची होती आणि मी सहा वर्षं इकडून तिकडून फिरून येत होते. तू न विचारता उत्तर दिलंस.

पान एक्केचाळीस फाडलं. श्रीमंतरावांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते आणखी एक दिवस शूटिंगला तयार झाले. टेम्पो आणि दुधाचे कॅन दाखवू, रडणं नाही. मेलेली मोनिका पाठीमागे कॅनपाशी बसून डेअरीपर्यंत जाईल. तिथं तुझं पत्र ऐकू यावं अशी इच्छा आहे, आणि तुझ्याच आवाजात. तू वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करशील का? अडखळलीस तर तसंच राहू दे.

तुझी
मोनिका

*

तिसगाव
९ डिसेंबर २०२५

चि. कल्याण यास अक्काचे आशीर्वाद. मुलाबाळांना गोड पापा.

तुला रजा मिळाली नाही म्हणून सविस्तर लिहिते. काल नगरला मोनिकाचा सिनेमा दाखवला, हॉल भरला होता. रविराज गाडी करून दहा जणांना घेऊन आला. तू आणलेली दुखवट्याची साडी मी मुद्दाम नेसले. मोनिकानं ओळखली आणि हसली.

अर्ध्या लोकांना सिनेमा कळला नसावा, पण उठून कुणी गेलं नाही. फ्लेक्स आला तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. नंतर टेम्पोचा प्रसंग आला. अंधारात माझाच आवाज ऐकला. कोंबली या शब्दाला मी अडखळले होते, तेही तसंच ठेवलं आहे.

माझ्या मागच्या रांगेत एक बाई होती, शहरातली. ती शेजारणीला म्हणाली की काय बाई आहे, नवरा मेला आणि हिला दुधाची पडलीय. सहा वर्षांपूर्वी अंगणात हेच ऐकलं तेव्हा मी मान खाली घातली होती. काल घातली नाही. वळून तिला सांगितलं की ती मी आहे.

नंतर दिवे लागल्यावर माझा हात धरून तिनं विचारलं की दूध किती होतं हो. मी सांगितलं, सात कॅन, दोनशे ऐंशी लिटर, आणि एक थेंबही नासला नाही.

गळीत हंगाम संपला की ये. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझी अक्का
चांगुणा