कठडा सोडला

रविवार, संध्याकाळ

बर्फावरच्या स्केटिंगचा आज तिसरा रविवार. कठडा सोडायचा की नाही, हेच आठवडाभर डोक्यात. हे गेल्यापासून घरी मी एकटी. पडले तर उठवणार कोण? पायात यांचेच जाड मोजे, चाकणच्या कंपनीत सेफ्टी शूजमध्ये घालायचे ते. स्केटिंगचे बूट त्या मोज्यांनीच घट्ट बसतात.

शिकवणारी पोरगी म्हणाली, "काकू, कठडा काय माहेरचा आहे का? सोडा की आता."

हसू आलं आणि हात सुटला. थोडी सरकले, मग आपटलेच. ती धावत आली.

"थांब गं, बघू दे मला जमतंय का." गुडघ्यावर हात रेटून उठले. माझी मी.

मोजे धुऊन वाळत घातलेत. हे असते तर म्हणाले असते, "या वयात हे काय?" आणि दर रविवारी गाडीवरून आणून सोडलं असतं.

गुडघा ठणकतोय. ठणकू दे.