सळसळ्यांचं बिऱ्हाड

दादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? (तू खरं सांगणार नाहीस, म्हणून थेट गुडघ्यालाच विचारते.) मी मजेत आहे. फक्त गेले तीन आठवडे घर माझं नव्हतं.

या ग्रहावर गवत माझ्या डोक्यावरून जातं आणि त्यात सळसळे राहतात, हे तुला मागे कळवलं होतंच. सहा पाय, पिवळं पट्टेरी अंग आणि मान इतकी लांब, की कळप शिकारीला निघाला की गवतावर नुसती डोकी तरंगताना दिसतात. (डोकी मोजत बसू नये, पळावं, असं इथल्या शाळेत शिकवतात.) तर त्यातली एक म्हातारी पाय मोडून माझ्या दवाखान्याच्या दारात येऊन पडली. मी जनावरांची डॉक्टर. दारी आलेल्या पेशंटला हाकलू कशी? पाय बसवला, फळ्या बांधल्या, आतल्या खोलीत सतरंजीवर निजवलं आणि वळून पाहते तो दारात दहा माना! कळप आपल्यातल्या कुणाला मागे टाकून जात नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात माझ्या दोन खोल्या नव्हत्या.

राहिलो बारा जण. शेजारचे मास्तर औषध न्यायला आले, तर चौघांनी त्यांना समोरून हुलकावणी दिली, दोघे बाजूंनी आले आणि उरलेल्यांनी मागून चप्पल लांबवली. "बाई, आवरा यांना!" मास्तर टेबलावरून ओरडले. मी काय आवरणार, मी ओट्यावर होते. चप्पल मात्र कुणी लगेच खाल्ली नाही. आधी म्हातारीपुढे ठेवली. तिने हुंगून नाक मुरडलं, तेव्हा कुठे बाकीच्यांनी ताव मारला.

मग मीच तापाने पडले. दुपारी डोळे उघडले, तर सगळे माझ्याभोवती कोंडाळं करून बसलेले आणि उशीवर नुकताच मारून आणलेला बेडूक. (इथला बेडूक, भोपळ्याएवढा.) मी तोंड लावल्याशिवाय कुणी त्याला शिवेना. दादा, मी तो चाटला. (वाच्यता नको.) आणि मग खूप रडले. आई गेल्यापासून माझ्या घासासाठी कुणी खोळंबलं नव्हतं रे.

काल फळ्या सोडल्या. म्हातारी लंगडत निघाली, म्हणून सगळेच तिच्या चालीने निघाले. गवताच्या काठाशी थांबले आणि माना वळवून माझ्याकडे बघत राहिले. एक आपल्यातली मागे राहिली, असं त्यांना वाटत होतं हे मला फार उशिरा कळलं. मग मीही टेकडीपर्यंत त्यांच्यासोबत गेले. तिथे म्हातारीची मान खाजवली, म्हटलं, "जा गं आता." गेली. दोनदा वळून पाहिलं तिने.

तुझी,
छोटी

ता. क. घर धुऊन काढलं. छान शांत वाटतंय.

ता. क. २ : वरचं वाक्य खोटं आहे.

ता. क. ३ : वहिनी गेल्यापासून तू पुढच्या खोलीच्या खिडक्यासुद्धा उघडलेल्या नाहीस, असं तुझ्या लेकीने कळवलंय. पुढच्या यानाचं तुझं तिकीट काढलंय, तुला न विचारता. रागवायचं असेल तर इथे येऊन, समोर बसून रागव.