स्वयंपाकघरातील दृश्य

पौड, ता. मुळशी
२१ सप्टेंबर २०२५

अम्मी,

अस्सलामु अलैकुम. आम्ही दोघं ठीक आहोत. तू, नानी आणि वाजिदमामूंच्या घरचे सगळे ठीक असालच. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस, मी "हो" म्हणते आणि लगेच तुला तिकडून कुणीतरी हाक मारतं. म्हणून लिहितेय.

इकडे पाऊस हटत नाही. कापूस दमट होतो, म्हणून दुकानात पिंजायचं काम रखडलंय. कासार आंबोलीच्या एका बंगल्याच्या गाद्या तेवढ्या कशाबशा पोचवल्या.

पुढच्या आठवड्यात माझी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा आहे. दहावीत तिचे वाढीव गुण मिळतात. संकल्पचित्र चांगलं जमतं. दुकानातल्या गादीच्या कापडावरची वेल मी वर्तुळात बसवली, तर सरांना वाटलं कुठल्या पुस्तकातून घेतली! घोडं अडतं ते स्मरणचित्रात. त्यात समोर काही न ठेवता, नुसतं आठवून एखादा प्रसंग काढायचा असतो.

आमचे निषाद सर म्हणतात, माणसं पाठ करून ठेवा. म्हणून सगळ्या वर्गाची एकच बाई पाठ आहे. हिरवी साडी, अंबाडा, एक हात पुढे. स्वयंपाकघर आलं की ती भाकरी थापते, बाजार आला की भाजी विकते. आमच्या वर्गात सगळ्यांच्या आया जुळ्या बहिणी आहेत.

सरावाला विषय आला 'स्वयंपाकघरातील दृश्य'. मला त्या बाईचा कंटाळा आला होता. मी अब्बांना काढलं. डोक्यात कापूस तसाच, कमरेला तुझी जुनी ओढणी खोचलेली, आणि तव्यावर भाकरी. रोज बघते, त्यामुळे आठवावं काही लागलं नाही. सर एवढे खूश झाले, की पालकसभेच्या दिवशी चित्र हॉलमध्ये मधोमध लावलं. मीही खुळ्यासारखी सगळ्यांना दाखवत फिरत होते.

अब्बा उशिरा आले. तोवर चित्रासमोर गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "अलाउद्दीनभाय, भाकरी फुगती का न्हाई?" सगळे हसले. अब्बाही हसले. म्हणाले, "आवड हाय मला." मग शेजारच्या गोजराबाई सगळ्यांसमोर बोलल्या, "आवड कसली? चार म्हैनं झालं, बायको म्हायेराला. म्हातारी एवढी आजारी आसती, तर ह्यो मानूस एकदा तरी मिरजेला गेला आसता की."

हे तुला माहीत नसेल. तू मे महिन्यात गेलीस तेव्हापासून अब्बा सगळ्यांना सांगतात, सासूबाईंची तब्येत बरी नाही, बायको येत्या जुम्म्याला येणार आहे. जुम्मा झाला की पुढचा जुम्मा. मशिदीत, दुकानात, दुधवाल्यालासुद्धा तेच.

घरी आल्यावर मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. पीठ मळता मळता म्हणाले, "मुनीरा, चित्र लई झ्याक हाय. पर परीक्षेला बाईच काढ."

मला वाईट नाही वाटलं, राग आला. त्यांचा नाही. गोजराबाईंचा थोडा. बाकीचा तुझा.

तरी ठरवलं, त्यांचं ऐकायचं. हिरव्या साडीची ती बाई नको, तुलाच काढायचं. काल राणी घरी आली होती. वर धनगरवाड्यावरून शाळेला येते ना, तीच. तिच्यासमोर बसून काढलं. तुझी पाठ काढली, बांगड्या काढल्या, चूल पेटवताना तू मान कशी तिरकी करतेस तेही काढलं. चेहरा काही केल्या येईना. खोडून खोडून कागद फाटला. राणी म्हणाली, "आगं, ही तर पुस्तकातलीच बाई झाली." मी चित्र चुलीत टाकलं. दोघी हसलो, पण नंतर मला जेवण गेलं नाही.

परीक्षेत काय काढायचं ते मी बघेन. ती काळजी तू करू नकोस.

तुझं आणि दादीचं काय भांडण झालं, अब्बा मध्ये का पडले नाहीत, हे मला विचारायचं नाही. दादी आता चाचांकडे राहते. तुझीही काही बाजू असेल, आणि कदाचित ती खरीही असेल. तू ये, असंही मी लिहिणार नाही. एक काम मात्र कर. अब्बांना फोन लाव आणि येणार आहेस की नाही ते सरळ सांग. कुणी हाक मारली तरी फोन ठेवू नकोस. नाही म्हणालीस, तर ते दोन दिवस जेवणार नाहीत. मग जेवतील. मी करून घालीन. पण त्यांना जुम्म्याची वाट बघायला लावू नकोस.

मला सांगायची गरज नाही. मला कळलंय.

मामूंना आणि नानीला सलाम.

अब्बांजवळ असलेली, तुझीच
मुनीरा