मोटरच्या चावीची आचार समिती

२० एप्रिल १९९७, रविवार, दुपार

ही वही दिवाळीत घेतली. रोज लिहायचं ठरलं होतं. पहिल्या पानावर नाव टाकलं, लखन चिंधा, बमरोली, सुरत, आणि रिफिल संपली. रिफिल आणायला निघालो तर वाटेत मित्र दीपक भेटला, तो म्हणाला चल पांडेसऱ्याला, नवे लूम आलेत, बघून येऊ. मग संक्रांत आली, मग होळी. रिफिल मार्चमध्ये आणली. टाकली आज. पण उशीर झाला असं नाही. आजपासूनच लिहिण्यासारखं काही माझ्या हातून घडणार आहे.

सकाळी सलूनमध्ये जुना पेपर वाचला. दिल्लीत वरच्या सभागृहानं आपल्याच मेंबरांच्या वागण्यावर नजर ठेवायला समिती नेमली आहे. मेंबर चुकला तर मेंबरच तपासणार. अंगावर काटा आला. पुढचा मजकूर न्हाव्यानं वस्तरा पुसायला फाडून घेतला होता. हरकत नाही. राहिलेलं मी डोक्यानं भरीन.

२० एप्रिल, संध्याकाळ

योग म्हणतात तो हा. चाळीच्या मंडळाकडे आजच तक्रार आली, आणि तीही मेंबरविरुद्ध. सुंदरावहिनी आमच्याच ओळीत राहते. नवरा वारल्यापासून सचिन गावातल्या धाग्याच्या कंपनीत जाते. कंपनीची बस नाक्यावरून सव्वासहाला. मंडळाच्या बोरिंगची मोटर साडेपाचला चालू व्हायला पाहिजे, पण मोटररूमची चावी मंडळाच्या मेंबर लोटूकडे, आणि लोटू सहाला उठतो. उन्हाळ्यात बोरिंग अर्धा तास पाणी देते, मग नुसती हवा. वहिनी पाण्याला थांबली तर बस जाते. बस धरली तर घरात दोन पोरं कोरडी. तीन लेट झाले की कंपनी कार्ड काढून घेते, काम संपलं. एक लेट झाला आहे.

मी म्हटलं, वहिनी, काळजी सोडा, दिल्लीच्या पद्धतीनं करू. ती म्हणाली, दिल्लीनं राहू दे, लोटूले उठाड.

२१ एप्रिल, सोमवार

आचार समिती स्थापन. अध्यक्ष मी, कारण वही माझी. मेंबर उखातात्या, ते मंडळाचे प्रमुख. तिसरा मेंबर पाहिजे होता. मंडळात रिकामा लोटूच होता. तक्रार त्याच्यावरच आहे हे माझ्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण पेपरात लिहिलं होतं, मेंबरच मेंबरांचं बघतील. ज्याच्यावर तक्रार त्यानं कुठं बसायचं हे फाटलेल्या भागात असणार.

नियम केले. एक, तक्रार लेखी पाहिजे. दोन, निनावी चालणार नाही. तीन, सुनावणी बंद दाराआड. मंडळाच्या खोलीला दार नाही, म्हणून पोत्याचा पडदा.

२३ एप्रिल, बुधवार

वहिनीला लिहिता येत नाही. तिची तक्रार मी लिहिली. मग अध्यक्ष म्हणून वाचली तर तारीख नव्हती. परत पाठवली. माणूस कोणी का असेना, कायदा सगळ्यांना सारखा. वहिनी म्हणाली, तूच लिखं, तूच धाडी दिनं, आते मी कोणावर रागवू. मी म्हटलं, तारीख टाकून परत द्या. ती म्हणाली, माले कागद नही, पानी जोयजे.

आज लोटू सहा वाजून पाच मिनिटांनी उठला. तारीख टाकायला विसरलो. उद्या टाकतो.

२४ एप्रिल, गुरुवार

बोर्ड पाहिजे. बोर्डाशिवाय समितीला वजन येत नाही. पेंटरला सांगून आलो. तो यूपीचा आहे. समितीचं नाव त्याला तीनदा म्हणून दाखवलं. निघता निघता तिथल्या रंगकामात मन रमलं. अक्षराच्या बुडाला सावली कशी देतात ते शिकलो. पेंटर म्हणाला, हात चांगला आहे, राहा इथेच. दुपारपर्यंत मी पेंटर व्हायचं फायनल केलं होतं. नंतर टर्पेंटाइननं डोकं दुखायला लागलं.

२७ एप्रिल, रविवार

बोर्ड आला. 'अचार समिति' लिहिलं आहे. खाली हिरवी कैरी आणि बरणी. कैरी सुंदर काढली आहे, देठासकट. पेंटरशी भांडायला गेलो. तो म्हणाला, भैया, आप ही तो बोले अचार, महीना भी अचार का है. आचार म्हणजे वागणूक, लोणचं नव्हे, हे मी त्याला अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, वागणुकीचं चित्र कसं काढणार, बरणीचं निघतं.

दुसरा बोर्ड होईपर्यंत हाच लावला. तासाभरात समोरच्या सोसायटीतल्या एका बेन आल्या, म्हणाल्या, गोळकेरी छे के तीखी? म्हणजे लोणचं गुळाचं की तिखट. मी म्हटलं, बेन, इथे सभासदांच्या नैतिकतेची चौकशी होते. त्या म्हणाल्या, सारू, अडधो किलो आपो.

उखातात्यांना हसू आवरेना. तोंडात तंबाखू होती म्हणून ठसका लागला. सुनावणी पुढे ढकलली.

२९ एप्रिल, मंगळवार

वहिनीचा दुसरा लेट. मोटर सहा वाजून दहा मिनिटांनी चालू झाली. ती दोन हंडे भरून धावली तोवर बस वळणावर होती. शेअर रिक्षानं गेली, गेटवर वॉचमननं लेटची वही पुढे केली. संध्याकाळी सगळं सांगून गेली, उभ्या उभ्या.

मी तिला समजावलं की घाईत झालेला न्याय टिकत नाही. दिल्लीत अशा गोष्टींना वर्षं लागतात. उखातात्या मध्येच म्हणाले, भो, दिल्लीवाल्यांना सव्वासहाची बस नसते. मला हे आवडलं नाही, पण वहीत नोंदवून ठेवलं. अध्यक्षानं विरोधी मतही नोंदवावं.

१ मे, गुरुवार, सकाळ

आज महाराष्ट्र दिन आणि गुजरात दिनही. आपण दोन्हीकडचे. सुनावणीला याच्याहून चांगला दिवस नाही.

१ मे, दुपार

सुनावणी झाली. खुर्च्या दोनच. लोटू म्हणाला, मी आरोपीत बसू का समितीत? मी म्हटलं, दोन्हीत. मग बोलताना तो पोत्यावर बसायचा आणि ऐकताना खुर्चीवर. उखातात्या उभे.

वहिनीनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. लोटूनं अर्धा तास घेतला. झोप ही देवाची देणगी आहे, मोटरला करंट येतो, आणि चावी त्याच्या कमरेला असते पण कंबर उठत नाही, असं त्याचं म्हणणं. मग मतदान. माझं मत, लोटू दोषी. लोटूचं मत, लोटू निर्दोष. उखातात्या म्हणाले, लोटू माझ्या बहिणीचा पोरगा, त्याच्या बाजूनं दिलं तर तुम्ही बोलणार, विरुद्ध दिलं तर बहीण बोलणार, मी तंबाखू खातो.

एकास एक. मी निकाल दिला: प्रकरण अधिक अभ्यासासाठी ठेवण्यात येत आहे. अहवाल रविवारी.

वहिनीनं विचारलं, मंग उद्या पानी कव्हय येई? मी म्हटलं, अहवालात येईल. ती म्हणाली, अहवाल हंड्यात भरू का मी?

यावर लोटूनं कमरेची चावी काढून माझ्यापुढे टाकली. म्हणाला, ने भो, लई नियम येतात ना तुला, तूच उठ आता.

चावी मी स्वीकारली. अंतरिम व्यवस्था म्हणून. समितीचा हा पहिला विजय समजायला हरकत नाही.

२ मे, शुक्रवार, सकाळ

५.२० ला उठलो. मोटर चालू. वहिनी चार हंडे भरून बसला पोचली, वेळ उरला म्हणून पोरीची वेणीसुद्धा घातली. जाता जाता म्हणाली, भलं होवो लखनभाऊ. मी म्हटलं, यात काय, नियमानं चाललं की होतं.

माणसाला लवकर उठायला काही लागत नाही. लोटूला हे का जमलं नाही कळत नाही. आता रोज पहाटे उठून व्यायाम, पेपर, आणि इंग्रजीचे दहा शब्द.

४ मे, रविवार

तीन दिवस लागोपाठ ५.२०. आज बसला सुट्टी, तरी उठलो. अहवाल लिहायला घेतला. मथळ्यालाच अडलो. 'लोटूचे वर्तन' असं लिहू की 'सभासदाचे'? नाव घेतलं तर राग, नाही घेतलं तर कोणाचं ते कळत नाही. मथळ्याखाली सावली देऊन बघितली. छान दिसते.

चार दिवस एका जागी. पायाला मुंग्या येतात.

६ मे, मंगळवार, दुपार ३

काल आणि आज ५.४०, ५.३५. चालतं. वहिनीची बस चुकली नाही.

दीपक आला होता. चलथाणच्या साखर कारखान्यात त्याच्या ओळखीनं काट्यावर माणूस पाहिजे आहे. उसाच्या गाड्या मोजायच्या, खुर्चीवर बसून. नुसतं बघून यायला काय हरकत. पाचच्या बसनं जातो, आठपर्यंत परत. समितीच्या अध्यक्षाला असा बाहेरचा अनुभव पाहिजेच.

७ मे, बुधवार, सकाळी १०

आत्ताच चलथाणहून आलो. काट्यावरचा माणूस त्यांना मिळाला होता. पण दीपकच्या मावसभावानं जेवायला ठेवून घेतलं, शेवटची बस गेली. तिथे खाट चांगली होती.

खिशात हात घातला तेव्हा चावी लागली. हे आज येताना बसमध्ये, कडोदऱ्याजवळ.

चाळीत शिरलो तर नळापाशी हंड्यांची रांग, सगळे रिकामे. लोटू म्हणाला, मी कुलूप फोडत होतो, तात्यांनी धरलं. तात्या म्हणाले, मंडळाची मालमत्ता आहे, फोडायची तर समितीकडे अर्ज पाहिजे, आणि समिती गावाला गेलेली. हा टोमणा होता की नियमाचा आदर, ते ठरवायला वेळ लागेल. मोटर चालू केली. नळानं आधी हवा सोडली, मग गढूळ.

नीट विचार केला तर यात दोष कोणाचा? चावी लोटूनं टाकली. बस चलथाणनं बंद केली. मी तर मध्ये होतो. तरी कोणी माझ्याविरुद्ध तक्रार दिलीच तर ती घेणार कोण, समितीच. अध्यक्षावरची तक्रार अध्यक्षानं ऐकावी का, हे त्या फाटलेल्या कागदावर नक्की असणार. सलूनमध्ये दुसरी प्रत मिळते का बघतो.

तोवर घाई नाही. वहिनी आता कंपनीत असेल, तिसरा लेट का होईना. बुधवार ते शनिवार तिची साक्ष घेता येत नाही. म्हणजे अहवालाला चार दिवस आहेत. त्यात मी ठपका या शब्दाऐवजी दुसरा शब्द

पोत्याचा पडदा कोणीतरी बाजूला केला. सुंदरावहिनी आहे. सकाळचे दहा, आणि ती इथे. हातात डब्याची पिशवी नाही. तिनं हात पुढे केला. मग म्हणाली, लखनभाऊ, आते मी दिनभर घरच शे. चावी दे.